तिसरा रकाना

ही गोष्ट आमच्या मास्तरांची. सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात त्यांनी ३१ वर्षं मराठी शिकवलं. गो. नी. दांडेकर, म्हणजे अप्पा, हे त्यांचं दैवत. अप्पांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ त्यांनी इतक्यांदा वाचली होती की पुस्तकाची शिवण दोनदा नव्याने घालावी लागली. वर्गात नर्मदेचा विषय निघाला की पाठ्यपुस्तक बाजूला पडायचं. अमरकंटकपासून समुद्रापर्यंत १३१२ किलोमीटर वाहणारी नदी, ती उजव्या हाताला ठेवून पायी तिची प्रदक्षिणा करायची, तिला कुठेही ओलांडायचं नाही, देणाऱ्याने दिलं ते खायचं आणि जागा मिळेल तिथे आसन लावायचं. हे सांगताना मास्तरांचा आवाज बदलत असे. मधल्या बाकावर बसून मीही ते ऐकलं आहे.

निवृत्तीनंतर पाच वर्षांनी, २०२२च्या कार्तिकात, ते परिक्रमेला निघाले. पण नुसती परिक्रमा करायची नव्हती. त्यांना अप्पांच्या पावलांवर पाऊल ठेवायचं होतं. त्यासाठी दोन वर्षं तयारी केली. जबलपूरचे चित्रकार-लेखक अमृतलाल वेगड यांची पुस्तकं आणली, परिक्रमेवरची जुनी मराठी वर्णनं मिळवली आणि एका जाड बांधणीच्या वहीत सगळ्यांचं टिपण काढलं. कुठे घाट, कुठे वड, कुठे धर्मशाळा, कुठून नदी कशी दिसते. प्रत्येक पानावर दोन रकाने आखले. डावीकडे ‘पुस्तकात’, उजवीकडे ‘आज’. जे सापडेल त्यापुढे बरोबरची खूण करायची, जे सापडणार नाही त्यापुढे फुली.

सोबतीला त्यांचा एक जुना विद्यार्थी होता. एसटीत कंडक्टर. शाळेत निबंधात कायम काठावर पास व्हायचा. पण सरांचा शब्द मोडायचा नाही. ४५ दिवसांची रजा टाकून तो निघाला, म्हणजे अवघड टप्पा पार होईपर्यंत मास्तरांचं ओझं वाहायला कोणी असेल.

ओंकारेश्वरला संकल्प सोडला, कुपीत नर्मदेचं पाणी भरून घेतलं आणि दोघे दक्षिण तटाने पश्चिमेला चालू लागले. पहिले दहा-बारा दिवस चांगले गेले. वाटेत बकावां लागलं. तिथे घरोघरी नर्मदेतल्या दगडांची शिवलिंगं घडतात, गल्लीत पांढरी धूळ उडत असते. वहीत बरोबरची खूण. नावडातोडीच्या काठावरून समोर महेश्वर दिसलं. अहिल्यादेवींचा वाडा, पाण्यात उतरत गेलेले घाट, उन्हात वाळणारी लुगडी. मास्तर अर्धा तास काही बोलले नाहीत, मग वहीत एकापाठोपाठ चार खुणा केल्या. नावडातोडीच्या टेकाडावर ह. धी. सांकलियांनी १९५०च्या दशकात उत्खनन केलं होतं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजची माणसं खपली होती इथे. तीन हजार वर्षांहून जुन्या घरांच्या जमिनी एकावर एक सापडल्या. घर पडायचं, माणसं त्याच जागी नवी जमीन चोपायची आणि पुन्हा घर बांधायची. मास्तरांनी हे कंडक्टरला सांगितलं खरं. पण टेकाड पुस्तकांच्या टिपणात नव्हतं, म्हणून वहीत आलं नाही.

बडवानीजवळच्या राजघाटाला पहिला धक्का बसला.

नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या भिंतीची उंची १३८.६८ मीटर. २०१७मध्ये तिचे दरवाजे बंद झाले आणि २०१९च्या पावसाळ्यात सरोवर प्रथमच काठोकाठ भरलं. त्याचं पाणी मागे २१४ किलोमीटर पसरतं. राजघाटाला गांधीजींच्या अस्थी असलेलं स्मारक होतं. २०१७मध्ये, पाणी चढणार म्हणून, ते हलवावं लागलं. मास्तर पोचले तेव्हा डांबरी रस्ता सरळ पाण्यात शिरत होता. विजेच्या खांबांची फक्त टोकं वर होती. वाळून करडी पडलेली झाडं पाण्यात उभी होती आणि त्यांच्यावर पाणकावळे बसले होते. मास्तरांनी वही उघडली, राजघाटापुढच्या सगळ्या नोंदींवर फुल्या मारल्या आणि शेवटी एकच शब्द लिहिला, ‘पाण्याखाली’.

पुढे तो शब्द रोज येऊ लागला. नर्मदेच्या काठाने चालायचं हा परिक्रमेचा नियम; पण काठच डोंगरावर चढला होता. जुन्या वर्णनातली वाट दोन-तीनशे फूट खाली, गाळात. दोघे सातपुड्याच्या सोंडांवरून चढत-उतरत जात होते. दिवसभरात चार वस्त्या लागत, त्या कुठल्याच पुस्तकात नव्हत्या. मास्तर तिथे पाणी पीत, भाकरी खात, ‘नर्मदे हर’ म्हणत आणि पुढे निघत. त्यांचं लक्ष खालच्या पाण्याकडे असायचं. संध्याकाळी वहीत फुल्या पडत. कंडक्टर मात्र जाईल तिथे पोरांना गोळा करी, तिकिटाच्या रोलसारखी कागदाची गुंडाळी करून त्यांना ‘तिकिटं’ फाडून देई. मास्तरांना ते पोरकट वाटायचं.

“सर, आज काय मिळालं?” तो रात्री विचारायचा.

“काही नाही रे. सगळं गेलं. आपण पन्नास वर्षं उशिरा आलो.”

नंदुरबार जिल्ह्यात शिरल्यावर मास्तरांच्या डाव्या पायाला फोड आला आणि फुटून चिघळला. एका वस्तीवर चार दिवस मुक्काम करावा लागला. अक्कलकुवा आणि अक्राणी या दोन तालुक्यांतली महाराष्ट्राची ३३ गावं या धरणाच्या बुडितात आली, त्यांतलंच हे एक. गावाचं नाव मी देत नाही. आता तिथे डोंगराच्या उतारावर सुट्या सुट्या झोपड्या आहेत, खाली पसरलेलं पाणी आहे आणि औषधपाणी घेऊन येणारा तरंगता दवाखाना आहे.

ज्या घरी ते उतरले त्या घराचा म्हातारा सत्तरीचा असेल. परिक्रमेतला रिवाज असा की शूलपाणीच्या झाडीतल्या, म्हणजे या रानातल्या, भिलांना ‘मामा’ म्हणायचं. नर्मदा आई, तिचे हे भाऊ. मास्तरही मामा म्हणू लागले. मामांनी फोडावर झाडपाला वाटून बांधला, खाट दिली. सुनेने ज्वारीची भाकरी आणि उडदाची डाळ वाढली. डाळीत मीठ-मिरची सोडून दुसरं काही नव्हतं. मास्तर सांगतात, तशी डाळ पुढे कुठे खाल्ली नाही.

खाटेवर पडल्या पडल्या छताकडे बघायचं, एवढंच काम होतं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की या घराचे सागवानी खांब चांगले जाड, तासून गुळगुळीत केलेले, वरच्या टोकाला कोरीव फुली असलेले आहेत, पण घर मात्र बुटकं आहे. आत शिरताना कमरेत वाकावं लागे. एवढे थोर खांब आणि एवढं बसकं घर, हा मेळ बसेना.

“मामा, घर एवढं बुटकं का बांधलं?”

म्हातारा हसला नाही. खांबाला हात लावून म्हणाला, “मोठंच होतं. बापाने बांधलं तेव्हा मी मान वर करून आढं बघायचो. चौऱ्याण्णवच्या पावसाळ्यात पाणी आलं तेव्हा खांब उपटून वर आणले. बूड कुजलं होतं, ते कापलं. मग भिंत १२१ मीटर झाली, पुन्हा वर आलो, पुन्हा बूड कापलं. मग दरवाजे लावले. तिसऱ्यांदा वर आलो. दरवेळी हातभर खांब कमी होतो, महाराज. घर तेच आहे.”

मास्तर उठून बसले. खांबाच्या तळाशी करवतीचा ताजा काप होता, तिथे लाकूड तांबूस दिसत होतं, आणि त्याच्या वर वीतभर जुना काळपट डाग. त्यांनी तो बोटांनी चाचपला. वहीत याला जागा नव्हती.

संध्याकाळी पाणी प्यायला तांब्या आला. जुना, जड, पितळी, एका बाजूला पोचा पडलेला. मास्तरांचा हात गळ्याशी गेला आणि थबकला. गळ्याखाली कोरलेली अक्षरं होती. आपल्याकडे भांड्यांवर नावं घालायची रीत आहे, त्या धाटणीचं टिंबाटिंबांचं कोरीव काम. एवढ्या आत, या डोंगरात, मराठी नाव घातलेला तांब्या.

“हा कुठला, मामा?”

म्हातारा गप्प झाला. कंडक्टरला वाटलं, सरांनी विचारायला नको होतं. चुलीतलं लाकूड आत सारून म्हातारा बोलू लागला. “बापाने आणलेला. बाप परकम्मावासी लुटायचा. तुम्हाला खोटं सांगत नाही. पिठाची पिशवी, घोंगडी, तांब्या, अंगावरचं धोतर. लंगोटी ठेवायचा. मारायचा नाही.”

इथे थोडं थांबून सांगायला हवं. परिक्रमेवर लिहिणाऱ्या बहुतेकांनी शूलपाणीच्या झाडीतली ही लूट लिहिली आहे, आणि ती खोटी नाही. वाटसरूच्या अंगावरचं सगळं जायचं, ही मैयाचीच इच्छा असं म्हणून तो उघडाबोडका पुढे जायचा. पण त्या घरांत श्रावणाच्या तोंडावर, पीक हाती येण्याआधी, काय शिजत होतं हे फार थोड्यांनी लिहिलं. इंग्रजी अमदानीत रानं राखीव झाली, ज्या जंगलावर पिढ्यान् पिढ्या जगले तिथेच हे लोक चोर ठरले. पिठाची पिशवी लुटणारा माणूस श्रीमंत होण्यासाठी लुटत नाही, एवढं तर वाचतानाही कळायला हवं होतं. मास्तरांना कळलं नव्हतं. मलाही नाही.

“तुमच्या त्या पुस्तकात आम्ही आहोत?” म्हाताऱ्याने विचारलं.

मास्तरांच्या पिशवीत वही होती. त्यांनी या भागाचं पान काढलं. डाव्या रकान्यात त्यांच्याच सुबक अक्षरात लिहिलं होतं, ‘भिल्लांची लूट’. समोर उजव्या रकान्यात दोन दिवसांपूर्वीची फुली होती. लूट आढळली नाही म्हणून फुली. मास्तरांनी मान खाली घातली. शेवटी म्हणाले, “आहात. लुटारू म्हणून.”

“नाव आहे?”

“नाही.”

“मामा म्हणता ना आम्हाला सगळे? माझ्या अंगणातून शंभर परकम्मावासी जातात. मामा पाणी द्या, मामा वाट सांगा. भाच्याला मामाचं नाव माहीत नसतं का, महाराज?”

कंडक्टर हळूच म्हणाला, “मला माहीत आहे.” आणि त्याने नाव सांगितलं. म्हाताऱ्याचं, मुलाचं, सुनेचं, तिन्ही नातवंडांचं. पहिल्याच संध्याकाळी तिकिटं फाडताना त्याने ती विचारली होती.

मास्तर मला म्हणाले की ३१ वर्षं विद्यार्थ्यांची हजेरी घेतलेल्या माणसाला त्या क्षणी जी लाज वाटली तशी आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मग म्हाताऱ्याने तांब्या त्यांच्यापुढे केला. “बाप गेल्यापासून आम्ही परकम्मावासींना यातूनच पाणी देतो. हे काय लिहिलंय ते वाचणारं कोणी भेटलं नाही. पोर जीवनशाळेत शिकते, तिला अक्षरं लागत नाहीत, पुसट आहेत. तुम्ही मास्तर ना?”

मास्तरांनी चष्मा काढला, चुलीच्या उजेडात तांब्या फिरवला, राखेचं बोट घेऊन अक्षरांवर चोळलं. राख खाचेत बसली. पहिला शब्द पार झिजला होता. एखादी वेलांटी, एक उभी रेघ. शेवटची अक्षरं मात्र उमटली.

“रा. पैठण,” मास्तरांनी वाचलं. “म्हणजे राहणार पैठण. माणसाचं नाव पुसलंय, मामा. गाव तेवढं राहिलंय.”

म्हातारा बराच वेळ तांब्याकडे बघत होता. मग म्हणाला, “आमचं उलट झालं. गाव पुसलं. नावं राहिली आहेत.”

“कसली नावं?”

“सकाळी दाखवतो.”

त्या रात्री मास्तरांना झोप लागली नाही. त्यांना वेगड आठवत होते. वेगडांनी १९७७ साली जबलपूरहून मंडल्याकडे पहिली पदयात्रा केली तेव्हा बरगीचं धरण व्हायचं होतं, आणि आपण चालतोय ती वाट बुडणार आहे हे त्यांना ठाऊक होतं. पुढे धरण झालं, वाट बुडाली. आणि तरी आयुष्याच्या ७५व्या वर्षात, पत्नीला बरोबर घेऊन, हा माणूस पुन्हा नर्मदेकाठी चालायला निघाला. ही माहिती मास्तरांच्या वहीच्या पहिल्याच पानावर होती. दोन वर्षांपूर्वी त्यांनी ती हाताने उतरवून घेतली होती. वेगड पुन्हा का निघाले असतील, हा प्रश्न मात्र तेव्हा पडला नव्हता. आणि अप्पा? अप्पा हातात यादी घेऊन निघाले नव्हते. तेराव्या वर्षी घर सोडलेलं पोर ते, भेटेल ते बघत, भेटेल त्याचं ऐकत गेलं. त्यांच्या पावलांवर पाऊल ठेवायचं तर आपण ठेवलं कशावर?

सकाळी पायाला चिंध्या बांधून, कंडक्टरच्या खांद्यावर हात टाकून मास्तर पाण्याच्या कडेला गेले. म्हातारा आणि नऊ वर्षांची नात पुढे होती. धुकं निघत होतं. पाणी एवढं रुंद की पलीकडचा मध्य प्रदेशचा डोंगर निळसर दिसत होता.

म्हाताऱ्याने काठी उचलली आणि पाण्यावर रोखली.

“ते वाळलेलं झाड दिसतं? त्याच्या खाली उतार होता. सासरी जाणाऱ्या पोरी तिथून नावेत बसायच्या. त्याला आम्ही रडण्याचा उतार म्हणायचो. तिथून उजवीकडे सात मोहांची टेकडी. फुलं वेचायला सात घरं, एका घराचा एक मोह. त्याच्या खाली वाघ बसायचा तो दगड. वाघ मी पाहिला नाही, दगड पाहिलाय. पुढे गावदेव. त्याला वर आणलाय, पण जागा तीच खरी. त्याच्यापुढे कलिंगडाची वाळू. उन्हाळ्यात मैया बारीक व्हायची, वाळू मोकळी व्हायची, मग वेल लावायचो. आणि तो मधला भाग, तिथे हाकेची जागा.”

“हाकेची जागा?”

“तिथे मैया अरुंद. माझी बायको पलीकडची. तिची आई त्या दगडावर उभी राहून हाक मारायची, इकडे ऐकू यायची. पोर झालं, म्हैस व्यायली, सगळं हाकेनेच कळायचं.” म्हाताऱ्याने काठी खाली घेतली. “आता हाक पोचत नाही.”

मास्तरांनी वही उघडली. नवं पान घेतलं, पण रकाने आखायला हात उचलेना. ‘पुस्तकात’ काय लिहिणार? यातलं काहीच कुठल्या पुस्तकात नव्हतं. बुडायच्या आधीही नव्हतं. सगळे लेखक याच वाटेने गेले होते, रडण्याच्या उतारावरून, हाकेच्या जागेवरून; कोणीतरी तिथे टेकलंही असेल. विचारलं कोणी नव्हतं. अप्पांच्या वेळची नर्मदा हरवली म्हणून मास्तर महिनाभर हळहळत होते, आणि या माणसाचं सगळं गाव हरवलं होतं ते त्याला अजून पाठ होतं.

त्यांनी डाव्या रकान्यावर ‘पाण्याखाली काय आहे’ असं लिहिलं. मधल्या रकान्यावर ‘आज काय आहे’. मग थोडं थांबून तिसरा रकाना आखला आणि त्यावर लिहिलं, ‘सांगणारा’.

“नाव सांगा, मामा. पूर्ण सांगा.”

त्यांनी सांगितलं. ते वहीत आहे. इथे ते देण्याचा अधिकार मला नाही. ते त्यांनी मास्तरांना सांगितलं, मला नाही.

दुपारपर्यंत बातमी पसरली. शेजारच्या झोपडीतली म्हातारी आली आणि वाद घालू लागली की मोह सात नव्हते, आठ होते. आठवा तिच्या सासऱ्याचा होता, तो मोजायला हे कायम विसरतात. ती तावातावाने बोलली, मास्तरांनी तिचंही लिहून घेतलं आणि तिच्या नावापुढे आठ हा आकडा घातला. एक तरुण आला, त्याचं घर अजून ‘अघोषित’ होतं. म्हणजे सरकारच्या यादीत ते बुडालेलंच नाही, म्हणून त्याला जमीन नाही. तो म्हणाला, “माझंही घर लिहा. निदान तुमच्या वहीत तरी लागू दे.” मास्तरांनी लिहिलं. जीवनशाळेतल्या नातीने वही मांडीवर घेऊन सगळी नावं मोठ्याने वाचून दाखवली. जिथे मास्तरांनी पावरी बोलीतला उच्चार चुकवला होता तिथे तिने खोडून नीट केला. मराठीच्या मास्तरांचं शुद्धलेखन नऊ वर्षांच्या पोरीने तपासलं, आणि ते चूपचाप बसून राहिले.

चौथ्या दिवशी निघताना म्हाताऱ्याने त्यांच्यापुढे तोच तांब्या धरला. मास्तरांना वाटलं पाणी प्यायला दिलाय. त्यांनी पाणी प्यायलं आणि तांब्या परत केला.

“घेऊन जा,” म्हातारा म्हणाला. “पैठण तुमच्याकडे ना? त्याच्या घरी द्या.”

“मामा, नाव पुसलंय. कोणाला देऊ?”

“मग राहू दे. इथून जाणाऱ्याला तहान तर लागणारच.”

आणि तांब्या पुन्हा माठावर पालथा गेला.

त्यानंतरची परिक्रमा मास्तर वेगळ्या तऱ्हेने चालले. तिचं सगळं वर्णन इथे करत नाही. कंडक्टर रजा संपल्यावर गुजरातेतून परतला. मास्तर एकटे पुढे गेले. गोऱ्याजवळ शूलपाणेश्वराचं नवं देऊळ आहे, जुनं सरोवरात गेलं. त्यांनी देवळात दर्शन घेतलं आणि मग बाहेर नारळ विकणाऱ्या बाईला तिचं मूळ गाव विचारलं. समोर सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा होता, बसगाड्या भरभरून येत होत्या. ते त्या बाईशी तासभर बोलत बसले. विमलेश्वरहून नावेने समुद्र ओलांडला, उत्तर तटाला लागले. गरुडेश्वरला टेंबे स्वामींच्या समाधीपाशी दोन दिवस राहिले. कोकणातल्या माणगावचा हा संन्यासी भारतभर पायी हिंडला आणि १९१४मध्ये इथे विसावला. मग नेमावर, भेडाघाट, अमरकंटक, आणि दक्षिण तटाने परत. वाटेत जिथे जिथे धरणाचं पाणी आडवं आलं तिथे ते वरच्या वाटेने गेले आणि वरच्या वस्तीत बसले.

एकच प्रसंग सांगतो. इंदिरा सागर धरणासाठी हरसूद नावाचं अख्खं शहर २००४च्या जूनअखेर रिकामं करावं लागलं. लोकांनी आपली घरं आपल्या हातांनी पाडली, कारण विटा-लाकूड तरी वाचावं. नव्या वसाहतीत एका चहावाल्याला मास्तरांनी विचारलं, जुन्या बाजारात तुमचं दुकान कुठे होतं? त्याने फडक्याने टेबल पुसलं, ओल्या बोटाने त्यावर रस्ता काढला, चौक काढला. इथे कापडवाला, इथे शिंपी, इथे माझी टपरी. वाळायच्या आत मास्तरांनी ते वहीत उतरवून घेतलं. तोवर चहावाल्याने शेजारच्या शिंप्याला हाक मारली होती, आणि शिंप्याने येऊन चौक दोन बोटं डावीकडे सरकवला.

वैशाखात मास्तर ओंकारेश्वरला पोचले. कुपीतलं जल अर्पण केलं, कढाईचा शिरा केला, कन्यांना जेवू घातलं. वजन १३ किलोंनी कमी झालं होतं, पाय बरा झाला होता. गावी परतल्यावर लोक विचारायचे, “मास्तर, गोनीदांची नर्मदा सापडली का?” त्यावर ते वही काढत आणि पहिलं नाव वाचून दाखवत. कोणी कंटाळून उठून गेलं तरी त्यांना चालायचं. ऐकणारा उरला तर दुसरं नाव वाचत.

मागच्या दिवाळीत मी गावी गेलो तेव्हा ती वही मी हाती घेऊन पाहिली. पहिल्या २२ पानांवर दोन रकाने आणि फुल्याच फुल्या आहेत. मास्तरांनी ती पानं फाडलेली नाहीत. २३व्या पानापासून तीन रकाने सुरू होतात. शेवटच्या रकान्यात १७४ माणसांची नावं आहेत, पैकी ६ जणांपुढे पेन्सिलीने बारीक ‘कै.’ असं लिहिलं आहे. ते कळवायला डोंगरातून अधूनमधून फोन येतो. फोन ती नात करते.

वहीच्या दोन झेरॉक्स प्रती आहेत. एक कंडक्टरकडे आहे, तो ती डेपोत डब्याबरोबर नेतो. दुसरी मास्तरांनी पोस्टाने त्या वस्तीवर पाठवली. ती जीवनशाळेच्या पत्र्याच्या पेटीत, हजेरीपटाखाली ठेवलेली आहे. मोहाच्या झाडांचा आकडा तिथे आता आठ असा पक्का केला आहे.